आल्प्समध्ये एकटी निघतेस, तर

आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे डोंगर तू पायाखाली घातलेस, त्यामुळे दमाची मला काळजी नाही. पण तिथला आपला सोसोगड डोंगर १,१०० मीटरांच्या थोडा वर, तर स्वित्झर्लंडमध्ये कित्येक वाटा २,००० मीटरांवरूनच सुरू होतात. दर हजार मीटरला गारवा साधारण ६ अंशांनी वाढतो, तेव्हा उन्हातही स्वेटर पिशवीत हवाच.

तिथल्या पिवळ्या पाट्यांवर वेळ लिहिलेला असतो, तोही विश्रांती न धरता. मी हे विसरले आणि शेवटची केबल कार चुकली. पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर एकटीने मुळीच जाऊ नकोस.

कानात इअरफोन घालू नकोस गं. पहिला तासभर मडगावच्याच गोष्टी डोक्यात फिरतील, कोण काय बोललं, काय राहून गेलं. फिरू देत. मग कधीतरी गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागतात. तिथे बस, घाई करू नकोस. मला आई गेल्यानंतरचं पहिलं रडू अशाच एका दगडावर आलं.

निघताना मुक्कामी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेव. मदतीला ११२. फोन लागला नाही तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.