ध्रुवीय रात्रीतील संधिप्रकाशाचे छायाचित्रण

सूर्यच उगवणार नसेल तर डिसेंबरात नॉर्वेतील ट्रॉम्सोला दिवसा टिपायचे तरी काय, ही तुमची शंका रास्त असली तरी माझ्या मते तेथील दुपार ध्रुवीय प्रकाशापेक्षाही (ऑरोरा) अधिक भरवशाची आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे सूर्य क्षितिजाखाली जेमतेम ३ अंश असतो आणि तो तिरकस मार्गाने सरकत असल्यामुळे, मुंबईत अर्ध्या तासाच्या आत विरणारी तिन्हीसांज तेथे सुमारे चार तास रेंगाळते.

बाराच्या थोडे आधी दक्षिणेकडे केशरी पट्टा दिसतो. बहुतेक नवखे त्याच्याकडेच तोंड करून उभे राहतात. तुम्ही मात्र पाठ फिरवून उत्तरेकडे पाहा, कारण आकाश निरभ्र असल्यास तेथे खाली पृथ्वीची करडी-निळी सावली आणि तिच्यावर गुलाबी कड दिसू शकते. नंतर उतरणारी गडद निळाई मुख्यतः ओझोनमुळे येते, कारण तो प्रकाशातील केशरी-पिवळा अंश शोषून घेतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा जुळवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवल्यास नेमकी हीच निळाई फिकी पडते, म्हणून तो डेलाइटवर ठेवावा. जादा बॅटरी आतल्या खिशात असावी, आणि खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घालावा. एकदा मी आळस केला आणि भिंगावर दव धरून अख्खी दुपार वाया गेली.

आणखी उत्तरेकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाचा मोह या खेपेस टाळा, कारण त्या दिवसांत तेथील मुख्य गावी, लाँगइअरब्येनला, भर दुपारीही जवळजवळ काळोखच असतो.