इंग्रजी मेलमधली मराठी वाक्यं

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून शिकली, आता बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. हिशेबात पक्की आहे. इंग्रजी वाचलेलं समजतं, थोडंफार बोलतेही. लिहायला बसली की मात्र गाडी अडते. व्याकरणाची दोन पुस्तकं आणून दिली, पण 'नाउन', 'प्रोनाउन'च्या पुढे ती गेली नाही. एका करसल्लागाराकडे ट्रेनीच्या जागेसाठी तिने पाठवलेला मेल सोबत जोडला आहे. उत्तर आलं नाही. इथे तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, फी 18,000 रुपये. लावावा का? पुढे स्पर्धा परीक्षांचाही विचार आहे.
– एक पालक, संगमनेर

उत्तर : क्लास सध्या लावू नका. बोलण्याच्या क्लासात बोलण्याची भीड चेपते, ते चांगलंच. पण बोलताना ऐकणारा चुका सांभाळून घेतो, कागद घेत नाही. तुमच्या मुलीची अडचण कागदावरची आहे, आणि ती नेमकी कोणती हे तिच्या मेलमध्येच दिसतं. (उत्तर न येण्याचं कारण इंग्रजीच असेल असं नाही. जागा आधीच भरलेली असू शकते. तेवढ्यावरून तिला बोल लावू नका.)

मेल असा आहे. इथे तो देवनागरीत दिला आहे :

'रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ अमुक फ्रॉम संगमनेर. आय ॲम लर्निंग टॅली सिन्स सिक्स मंथ्स, आय हॅव कम्प्लीटेड जीएसटी कोर्स इन लास्ट मे. ऑल्दो आय ॲम फ्रॉम मराठी मीडियम बट आय कॅन डू वर्क इन इंग्लिश. आय हॅव सेंट माय रिझ्युमे येस्टर्डे ऑल्सो. काइंडली गो थ्रू द सेम अँड डू द नीडफुल.'

यातल्या जवळजवळ प्रत्येक चुकीखाली एक शुद्ध मराठी वाक्य आहे. म्हणजे मुलीचं व्याकरण कच्चं नाही, तिचं मराठी व्याकरण इंग्रजीत उतरलं आहे. म्हणूनच 'नाउन'पासून सुरुवात केलेलं पुस्तक तिला कंटाळवाणं वाटतं : जे येतं तेच ते पुन्हा शिकवतं, आणि जिथे पाय घसरतो तिथपर्यंत ती पोचतच नाही.

'सिन्स सिक्स मंथ्स' घ्या. मराठीत 'जूनपासून' आणि 'सहा महिन्यांपासून' दोन्हींना एकच 'पासून' चालतो. इंग्रजी इथे फरक करतं. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स जून', मधला काळ मोजायचा असेल तर 'फॉर सिक्स मंथ्स'. शिवाय आपण 'शिकते आहे' असा वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजीला मागून सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामासाठी 'हॅव बीन लर्निंग' लागतं.

'आय हॅव सेंट येस्टर्डे' ही चूक तर चांगले शिकलेले लोकही करतात. 'मी काल मेल पाठवला आहे' हे मराठीत बिनचूक. इंग्रजीत मात्र संपलेली वेळ वाक्यात आली – येस्टर्डे, लास्ट मे, इन 2023, टू डेज अगो – की 'हॅव' गळतो : 'आय सेंट', 'आय कम्प्लीटेड'. वेळ सांगितलीच नसेल तर 'आय हॅव सेंट' चालतं. 'लास्ट'च्या आधी 'इन' लागत नाही, तोही काढायचा.

'ऑल्दो… बट' म्हणजे आपलं 'जरी… तरी'. मराठीत ही जोडी असते, इंग्रजीत दोघांपैकी एकच. तिच्या मेलमध्ये मात्र दोन्ही काढून अख्खं वाक्यच रद्द करायला हवं. मराठी माध्यमाची माफी कोणी मागितली नव्हती. मेल नीट लिहिला असेल तर इंग्रजी येतं हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि नीट लिहिला नसेल तर सांगून उपयोग नाही.

'मायसेल्फ अमुक' हे शाळेतल्या ओळखीच्या तासातून आलं आहे. इंग्रजीत 'मायसेल्फ' वाक्याचा कर्ता होत नाही. नाव खाली सहीत येतंच. पहिल्या वाक्यात काय हवं आहे ते यायला पाहिजे. 'डू द नीडफुल' आणि 'द सेम' ही जुन्या सरकारी पत्रांची भाषा. भारतात ती कळते, पण वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही. फोन करायचा? मुलाखतीला बोलवायचं? अर्जाला 'यथोचित कार्यवाही व्हावी' लिहिण्यासारखंच ते.

सुधारलेला मेल असा होईल : 'डिअर सर, आय ॲम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स ट्रेनी इन युअर ऑफिस. आय हॅव बीन लर्निंग टॅली फॉर सिक्स मंथ्स, अँड आय कम्प्लीटेड अ जीएसटी कोर्स लास्ट मे. माय रिझ्युमे इज अटॅच्ड. आय कॅन कम फॉर ॲन इंटरव्ह्यू ऑन एनी वीकडे आफ्टर 2 पी.एम.' यात एकही अवघड शब्द नाही, ते मुद्दाम दाखवतो आहे. चांगलं लिहिणं म्हणजे भारी शब्द, असा समज घेऊन मुलं शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि अर्जात 'आय ॲम इगर्ली डिझायरस' वगैरे लिहून बसतात.

सुधारलेल्या मेलमध्ये 'जीएसटी कोर्स'च्या आधी 'अ' आला हे बघा. 'अ', 'ॲन', 'द' मराठीत नाहीत, त्यामुळे हे दुखणं सगळ्यात शेवटी बरं होतं. तिला प्रत्येक नामापाशी थांबून आधी एकच विचारायला सांगा : ही गोष्ट मोजता येते का? मोजता येत असेल आणि एकच असेल, तर ते नाम उघडं सोडायचं नाही. पुढे अ, ॲन, द, माय, धिस असं काहीतरी हवंच. मग, नेमकी कोणती ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का? असेल तर 'द'. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट, नोकरीच्या अर्थाने वर्क, ही न मोजता येणारी; त्यांना 'अ' नाही आणि शेवटी 'एस'ही नाही. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश उघडावा. त्यात मोजता येणाऱ्या नामापुढे 'सी' आणि न येणाऱ्यापुढे 'यू' अशी खूण असते. इंग्रजी–मराठी कोशात ही खूण सहसा नसते.

'अ' की 'ॲन' यासाठी मात्र देवनागरी आपल्या कामी येते. शब्द जसा उच्चारतो तसा मनात मराठीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. आवर (तास), एमबीए, ऑनेस्ट यांना 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन 'य'ने आणि वन-डे 'व'ने सुरू होतात, म्हणून त्यांना 'अ'. इंग्रजी स्पेलिंगकडे बघणारी मुलं इथे हमखास फसतात.

आता विरामचिन्हं. मराठीत ती इंग्रजीवरूनच आली, एकोणिसाव्या शतकात, आणि ती रुजवण्यात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. खुणा त्याच, पण वापर हळूहळू आपला झाला. मेलमधलं दुसरं वाक्य पाहा : 'सिक्स मंथ्स' नंतर स्वल्पविराम आणि पुढे 'आय हॅव…' असं दुसरं पूर्ण वाक्य. मराठीत 'मी गेलो, तो नव्हता' खपून जातं. इंग्रजीत स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कर्ता आणि क्रियापद असेल तर एकटा स्वल्पविराम ते वजन पेलत नाही. पूर्णविराम द्या, नाहीतर 'अँड', 'बट', 'सो' जोडा. दुसरी खास मराठी चूक 'ही सेड दॅट,' अशी. 'तो म्हणाला की,' इथे आपल्याला थांबायची सवय आहे. इंग्रजीत 'दॅट'नंतर स्वल्पविराम नाही.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्याने कॅपिटलचाही गोंधळ होतो. 'आय', वार, महिने, भाषांची आणि गावांची नावं कॅपिटलने सुरू होतात. 'अकाउंट्स' किंवा 'एक्सपिरियन्स' वाक्याच्या मधे महत्त्वाचे वाटले म्हणून मोठे होत नाहीत. 'इट्स'मध्ये 'एस'च्या आधी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) द्यायचं की नाही? 'इट इज' म्हणून वाचून बघा. जमलं तर द्यायचं, 'त्याचं' असा अर्थ असेल तर नाही. टंकताना स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडू नये, नंतर एक सोडावी. क्षुल्लक वाटतं, पण रोज अर्ज चाळणाऱ्याच्या डोळ्याला हे आधी दिसतं.

'डिस्कस अबाउट' (विषयावर चर्चा), 'मॅरीड विथ' (कोणाशी लग्न), 'एक्सप्लेन मी' (मला समजावून सांगा) या चुकांना नियम शोधत बसू नका. क्रियापद एकटं पाठ न करता शेपटासकट लिहून ठेवायचं : डिस्कस द मॅटर, मॅरीड टू, एक्सप्लेन टू मी.

करायचं काय ते आता. रोज 40 मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे. पहिली 20 मिनिटं 120 ते 150 शब्द हाताने लिहायचे, आणि विषय तिच्या हातातला असावा : टॅलीत खरेदीचं बिल कसं चढवतात, बँकेचा ताळमेळ का जुळत नाही. 'माय फेव्हरिट सीझन' नको. त्यात सांगायला काही नसतं, म्हणून वाक्यं फुगतात. लिहिलेलं त्याच दिवशी तपासायचं नाही, कारण जे म्हणायचं होतं तेच डोळ्याला दिसतं. दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्या मारायच्या : एका फेरीत फक्त क्रियापदं, एकीत फक्त नामं, एकीत फक्त पूर्णविराम-स्वल्पविराम. सगळं एकदम शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. याला 15 मिनिटं पुरतात.

उरलेली पाच मिनिटं चुकांच्या वहीची. पानावर तीन रकाने : चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य, आणि ते ज्या मराठी वाक्यातून आलं ते. तिसरा रकाना टाळू नये, औषध तिथेच आहे. पंधरा दिवसांनी मोजायचं कोणती चूक किती वेळा झाली. जी सगळ्यात जास्त, तिचा आणि तिचाच धडा त्या आठवड्यात पुस्तकातून काढून सोडवायचा. म्हणजे तुम्ही आणलेली दोन्ही पुस्तकं कामी येतील, फक्त पहिल्या पानापासून नव्हे.

आठवड्यातून एकदा उलट भाषांतर. इंग्रजी वर्तमानपत्रातला पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद मराठीत करायचा, मूळ कात्रण बाजूला ठेवायचं, दोन दिवसांनी आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहायचं आणि मुळाशी ताडून पाहायचं. कुठे 'द' सुटला, कुठे काळ बदलला हे लख्ख दिसतं. आपल्या आधीच्या पिढ्यांनी भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी कमावलं, त्यामागे हेच होतं.

संगणकावरचे चुका दाखवणारे प्रोग्राम वापरू द्या, पण तिन्ही फेऱ्या झाल्यावर. आधी वापरले तर ती फक्त 'ॲक्सेप्ट' दाबायला शिकेल. वर्डमध्ये तपासणीची भाषा 'इंग्लिश इंडिया' किंवा 'यूके' ठेवा, नाहीतर 'कलर'सारख्या शब्दांच्या बरोबर स्पेलिंगखालीही लाल रेघ येते.

स्पर्धा परीक्षांपैकी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा आहे. ते गुण गुणवत्तेत धरत नाहीत, पण 25 टक्के मिळाले नाहीत तर निबंध आणि सामान्य अध्ययनाच्या उत्तरपत्रिका विचारात घेतल्याच जात नाहीत. त्यात सारांशलेखन असतं, उताऱ्याचा एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत. बारा आठवड्यांनंतर रोजच्या लेखनाऐवजी आठवड्यातून दोन दिवस 300 शब्दांचा उतारा 100 शब्दांवर आणायला लावा. फापटपसारा तिथे आपोआप झडतो.

त्यानंतरही क्लास हवासा वाटला तर फी विचारण्याआधी हे विचारा : आठवड्याला किती पानं लिहून घेता, आणि ती तपासतं कोण? एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली वही बघायला मागा. लाल शाईत नुसती 'गुड' आणि सही असेल तर परत या. समासात चूक का झाली ते लिहिलेलं असेल तर पैसे भरायला हरकत नाही.