इंजिन नवं झालं, पुढे काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरी बांधलेल्या वेगवान विमानाचं इंजिन ओव्हरहॉल होऊन (पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून) परत बसवलं, की ते पुन्हा हवेत कसं न्यायचं, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझं चार आसनांचं कंपोझिट विमान आहे. सहा सिलिंडर, ३०० अश्वशक्ती, फ्युएल इंजेक्शन, टर्बो नाही. सिलिंडर साध्या पोलादाचे. चौदा महिन्यांनी इंजिन पुन्हा बसवलं. आधी दोन-तीन दिवस जमिनीवरच मंद गतीत तास-दोन तास चालवावं, काही गळतं का बघावं आणि मगच उडावं, असा बेत आहे. यात चूक आहे का?

उत्तर : हेतू चांगला आहे, पण इंजिनाचं वाटोळं याच वाटेने होतं. ओव्हरहॉलमध्ये सिलिंडरच्या भिंतीवर होनिंग करून आडव्या-तिरप्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांच्या कडा आणि पिस्टनच्या रिंगा पहिल्या काही तासांत एकमेकांना घासून जुळतात. रिंगेला भिंतीवर दाबायचं काम मुख्यतः जळणाऱ्या वायूचा दाब करतो. मंद गतीत तो दाब नसतो. मग रिंग तेलाच्या थरावर तरंगत राहते, तेल उष्णतेने भाजून रेघांमध्ये काचेसारखं बसतं. याला ग्लेझिंग म्हणतात. ते एकदा झालं की इंजिन तेल पीतच राहतं आणि उपाय एकच उरतो: सिलिंडर उतरवून पुन्हा होनिंग. शिवाय जमिनीवर काउलिंगमधून (इंजिनावरच्या आवरणातून) पुरेशी हवा वाहत नाही. तेलाचं तापमान ठीक दिसत असतं आणि सिलिंडर मात्र तापत असतात.

म्हणजे गळती बघायची नाही असं नव्हे. ती तपासणी इंजिन सुरू होण्याआधी आणि दोन छोट्या रनमध्ये उरकायची. आणखी एक गोष्ट. पहिल्या तासांत संशय आधी घ्यायचा तो आपण स्वतः उघडून पुन्हा जोडलेल्या वस्तूंवर: नळ्या, केबल, नट, क्लॅम्प. क्रँकशाफ्ट मोडण्यापेक्षा इंधनाच्या नळीच्या जोडावरचा बी-नट हातानेच आवळलेला राहून जाणं कितीतरी सहज घडतं.

प्रश्न : सुरू करण्याआधीच्या तपासणीत नेमकं काय काय पाहायचं? याद्या पुष्कळ मिळतात, पण कशाला जास्त वेळ द्यायचा ते कळत नाही.

उत्तर : सर्वांत जास्त वेळ इंधनाला द्या.

पहिली चाचणी प्रवाहाची. इंधन पंपाने येत असेल तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जितकं पितं, त्याच्या १२५ टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. (टाकीतून नुसतं उताराने येत असेल तर १५० टक्के.) तुमचं इंजिन टेकऑफला तासाला साधारण २७ अमेरिकन गॅलन घेईल असं धरू. त्याचे १२५ टक्के म्हणजे सुमारे ३४ गॅलन, मिनिटाला २.१ लिटर. विमानाचं नाक चढाईतल्या सर्वांत मोठ्या कोनापेक्षा पाच अंश जास्त वर येईल असं उभं करा. शेपटी खाली घेऊन किंवा पुढचं चाक उंच ठोकळ्यावर चढवून. टाकीत थोडंच इंधन ठेवा. इंजिनाशी जाणारी नळी सोडून बूस्ट पंपाने (विजेवर चालणाऱ्या जादा पंपाने) मोजपात्रात घ्या आणि घड्याळ लावा. प्रत्येक टाकीसाठी वेगळं मोजा. मिनिटाला दीड लिटरच आलं तर गाळणी, सिलेक्टर व्हॉल्व्ह, टाकीची व्हेंट आणि नळ्या या क्रमाने शोधा. जुनी रबरी नळी वर्षानुवर्षं एकाच वाकणात बसलेली असते. इंजिन काढताना ती सरळ केली की आतलं अस्तर फाटतं आणि त्याचा पडदा प्रवाह अडवतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून फायरवॉलपुढच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीपुढच्या) इंधनाच्या आणि तेलाच्या लवचीक नळ्या ओव्हरहॉलसोबत नव्याच घालाव्यात. इथे काटकसर नको.

दुसरी चाचणी नोझलची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंधन फवारणाऱ्या तोटीची. सहाही नोझल सिलिंडरमधून काढा, आपापल्या नळ्यांना पुन्हा जोडा आणि एकसारख्या सहा बाटल्यांत सोडा. मिक्स्चर (हवेतलं इंधनाचं प्रमाण ठरवणारा लिव्हर) व थ्रॉटल पूर्ण उघडून बूस्ट पंप तीस सेकंद चालवा. बाटल्या ओळीत लावून पातळी बघा. एखादी बोटभर कमी भरली असेल तर ते नोझल किंवा त्याची नळी तुंबली आहे. हँगरची दारं उघडी, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद, बॅटरीवरची बाकी उपकरणं बंद, अग्निशामक हाताशी. नोझल परत घालताना घट्ट करण्याचा आकडा इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्या.

मग तेल. ओव्हरहॉल कशामुळे झाला हे विचारा. जुन्या इंजिनात धातूचे कण निघाले असतील तर ऑइल कूलर बदला. त्याच्या बारीक वाटांमध्ये कण अडकून राहतात, नुसत्या सॉल्व्हंटने निघत नाहीत आणि पहिल्याच तासात नव्या बेअरिंगमध्ये उतरतात. प्रोपेलरचा गव्हर्नर (पात्यांचा कोन बदलून आरपीएम स्थिर ठेवणारा) आणि हब (पाती बसतात तो मधला गाभा) यांतही तेच तेल फिरलेलं असतं. तेही उघडून साफ झालं पाहिजे. ब्रीदरची (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी) नळी तोंडापर्यंत मोकळी आहे ना, हे फुंकून पाहा. साठवणीत घातलेलं प्लास्टिकचं बूच तिथेच राहिलं तर क्रँककेसमधला दाब पुढचं सील उडवतो आणि समोरची काच तेलाने माखते.

केबल : थ्रॉटल, मिक्स्चर आणि प्रोपेलरचे लिव्हर इंजिनाकडच्या टोकाला आपापल्या स्टॉपवर टेकले पाहिजेत, तेही कॉकपिटमधली मूठ पॅनेलला लागण्याआधी. मुठीपाशी एखाद-दोन मिलिमीटर स्प्रिंगसारखी जागा उरली की समजा बरोबर बसलं. प्रत्येक रॉड-एंडला (केबलच्या टोकाच्या बॉल-सांध्याला) बाहेरून मोठा वॉशर हवा. बॉल निखळला तरी लिव्हर सुटत नाही.

स्पार्क प्लगचा टॉर्क (आवळण्याचा जोर) लायकमिंगवर ३५ फूट-पौंड आणि काँटिनेंटलवर २५ ते ३०. या दोन्ही विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा. ज्याच्यावर रेघ नाही तो नट आवळलेला नाही, असंच धरायचं. रेघा ओढणारा आणि तपासणारा माणूस वेगळा असेल तर उत्तम.

बॅफल (थंड हवा सिलिंडरांवरून वळवणारे पत्रे) तपासायला अंधार करा, काउलिंग लावा आणि आत दिवा ठेवा. जिथून उजेड झिरपतो तिथून थंड हवाही पळते. रबरी पट्ट्या जास्त दाबाच्या बाजूला, म्हणजे वर आणि पुढे, वळलेल्या हव्यात. मागे दुमडलेली एक पट्टी मागच्या दोन सिलिंडरांना महागात पडते.

प्रश्न : पहिला स्टार्ट कसा करायचा आणि किती वेळ चालवायचं?

उत्तर : आधी तेल वर चढवा. प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढा, मॅग्नेटो आणि इंधन बंद ठेवा आणि स्टार्टरने फिरवा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग स्टार्टरला थंड होऊ द्या. प्रेशर गेजचा काटा उठून स्थिर झाला पाहिजे. नाही उठला तर पंपाच्या सक्शनमध्ये हवा आहे किंवा तेलाच्या वाटेवरचं एखादं बूच बसवायचं राहिलं आहे. कोरडं फिरवत बसू नका, शोधा. प्लग परत घातले की फार वेळ न दवडता सुरू करा. रात्रभर ठेवलंत तर तेल पुन्हा खाली उतरतं.

विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा, चाकांना ठोकळे लावा आणि बाहेर एक माणूस अग्निशामक घेऊन उभा ठेवा. १००० ते १२०० आरपीएम. तीस सेकंदांत ऑइल प्रेशर आलं नाही तर लगेच बंद. आलं तर तीन-चार मिनिटं आणि बंद. काउलिंग काढा, टॉर्च आणि आरसा घेऊन प्रत्येक जोड बघा. इंधनाच्या गळतीचा निळा किंवा हिरवा डाग नोझलपाशी आणि पंपाच्या खाली बघायचा. तेलाचा ओलावा पुशरॉडच्या नळ्यांवर, गव्हर्नरच्या बुडाशी आणि फिल्टरच्या कडेला.

दुसरा रन काउलिंगसकट. तेल गरम झालं की मॅग्नेटो तपासा. लायकमिंगवर एकेक मॅग्नेटो बंद केल्यावर घट १७५ आरपीएमपेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक ५० च्या आत. प्रोपेलर एकदा-दोनदा सायकल करा (लिव्हर मागे ओढून पुन्हा पुढे). मग दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल : आरपीएम किती, फ्युएल फ्लो किती. फ्लो अपेक्षेपेक्षा दोन गॅलनही कमी असेल तर उडू नका, आधी सेटिंग दुरुस्त करा. आरपीएम मर्यादेच्या थोडं खाली राहणं इथे ठीक आहे. वेग वाढला की ते चढतं. इतकंच. सिलिंडर ३०० अंश फॅरनहाइटच्या खाली येईपर्यंत थांबा. पुढचा स्टार्ट टेकऑफसाठी.

प्रश्न : पहिल्या उड्डाणात कुठे जायचं, किती वर जायचं आणि इंजिन बंद पडलं तर?

उत्तर : कुठेही जायचं नाही. धावपट्टीच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या. एकटेच जा, मित्राला खाली रेडिओवर बसवा.

पूर्ण थ्रॉटलने उडा, मिक्स्चर पूर्ण रिच (इंधन जास्तीत जास्त). चढाई उथळ आणि वेगात ठेवा, म्हणजे हवा भरपूर मिळेल. लगेच पॉवर कमी करायची सवय असेल तर आज ती बाजूला ठेवा. पहिला तास ७५ टक्के पॉवर, दुसऱ्या तासात ६५ आणि ७५ च्या दरम्यान आलटून पालटून. टर्बो नसल्याने ८००० फुटांच्या वर ७५ टक्के मिळतच नाहीत. म्हणून त्याखालीच राहा. उतरतानाही थ्रॉटल एकदम ओढू नका, हळूहळू कमी करा. टच-अँड-गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) या काळात नको.

आता इंजिन बंद पडण्याचं. शिकाऊ सेसना १७२ च्या पंखावर चौरस फुटाला साधारण चौदा पौंड वजन येतं. लँकेअर ४ सारख्या विमानात ते तिशीच्या पुढे जातं. हे विमान ग्लायडरसारखं तरंगणार नाही. वळून मागे येण्याच्या मोहात ४५ अंशांचा बँक घेतलात (विमान तितकं कलवलंत) तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. वळायला तुमच्या विमानाला किती उंची लागते हे पूर्वी वर जाऊन मोजलेलं नसेल तर टेकऑफनंतरचा निर्णय एकच: सरळ पुढे, फार तर थोडं डावी-उजवीकडे. तो धावपट्टीवर उभं असताना मोठ्याने बोलून घ्या. उंची असेल आणि तेलाचा दाब शिल्लक असेल तर प्रोपेलरचा लिव्हर मागे ओढा. पात्यांचा पिच (कोन) जाड झाला की ओढ कमी होते आणि ग्लाइड चांगलाच लांबतो.

टेकऑफच्या धावेत आरपीएम लाल रेघेपलीकडे गेलं तर गव्हर्नरचा स्टॉप चुकला आहे. पट्टी पुरेशी उरली असेल तर थांबा. नसेल तर थ्रॉटल आणि प्रोपेलर दोन्ही थोडे मागे घेऊन चढा.

प्रश्न : दुसऱ्या उड्डाणात पाच नंबरच्या सिलिंडरचं तापमान ४३० अंश फॅरनहाइट गेलं, बाकीचे ३८५ च्या आसपास. नव्या रिंगांमुळे असं होतं का?

उत्तर : नव्या रिंगा सगळ्याच सिलिंडरांना थोडं गरम ठेवतात आणि त्या जुळल्या की तापमान आपोआप खाली येतं. एकच सिलिंडर वेगळा पडला तर दुसरं काही आहे. आधी प्रोबची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) अदलाबदल करा. उष्णता प्रोबबरोबर हलली तर प्रोब खोटा. तिथेच राहिली तर त्याच सिलिंडरचं एक्झॉस्टचं तापमान बघा. रिच मिक्स्चरमध्ये तेही इतरांपेक्षा जास्त असेल तर नोझल अर्धवट तुंबलं आहे. थ्रॉटल कमी असताना जास्त आणि पूर्ण उघडल्यावर इतरांइतकं असेल तर इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. एक्झॉस्ट सामान्य असेल तर बॅफल.

सहाही गरम आणि एक्झॉस्ट सगळीकडे कमी असेल तर टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते आहे. डेटा प्लेटवर २० अंश आणि मॅग्नेटो २५ वर, अशी चूक होते. काँटिनेंटलची लाल रेघ ४६० अंश आणि लायकमिंगची ५०० असली, तरी तिथवर पोचू देऊ नका. ४२० ला नाक खाली घ्या, मिक्स्चर रिच करा.

प्रश्न : तेल कोणतं, ते कधी बदलायचं आणि रिंगा बसल्या हे कसं ओळखायचं?

उत्तर : तुमच्या इंजिनात साधं मिनरल तेल, डिस्पर्संट (घाण तेलात तरंगत ठेवणारं रसायन) नसलेलं. (टर्बो असलेल्या लायकमिंगला उत्पादकाच्या सूचनेनुसार पहिल्यापासून अ‍ॅशलेस डिस्पर्संटच घालतात.) पहिला बदल दहा तासांनी, फिल्टरसकट. फिल्टर कटरने कापा, करवतीने नको, नाहीतर करवतीचाच किस सापडेल. घडी उलगडून उन्हात धरा, चुंबक फिरवा. केसासारखे थोडे तुकडे या टप्प्यावर अपेक्षित असतात. चिमटीत धरता येतील असे पोलादी पापुद्रे निघाले तर विमान जमिनीवरच ठेवा आणि ओव्हरहॉल करणाऱ्याला फोटो पाठवा.

दर उड्डाणानंतर, इंजिन थांबून तितकीच मिनिटं झाल्यावर आणि विमान त्याच जागी उभं असताना, डिपस्टिक बघा आणि लिहा. सुरुवातीला तेल भराभर जातं, मग एका आकड्यावर टिकतं. तो आकडा टिकला आणि सिलिंडरांचं तापमान खाली येऊन बसलं, की रिंगा बसल्या. पन्नास तासांपर्यंत मिनरल चालू ठेवलं तरी हरकत नाही. लायकमिंगचं कमाल मर्यादेचं सूत्र असं : अश्वशक्ती गुणिले ०.००६, गुणिले ४, भागिले ७.४. म्हणजे ३०० अश्वशक्तीला ताशी ०.९७ क्वार्ट, जवळपास ०.९२ लिटर. ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. चाळीस तासांनंतरही खप त्याच्या आसपास असेल तर गार आणि गरम इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट घ्या (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून) आणि हवा कुठून निघते ते कान लावून ऐका: तेलाच्या भरणीतून सळसळ आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह.