लायब्ररी कुठली ते नंतर, आधी पेज कुठे बसणार ते विचार

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला बघ. कॉलेजातल्या ब्रेन-इन्स्पायर्ड कॉम्प्युटिंग (मेंदूच्या धर्तीवर चालणारे संगणक) लॅबचं लँडिंग पेज, म्हणजे वेबसाइटचं पहिलं पान, तुझ्या गळ्यात पडलंय, सरांना वर फिरणारा थ्रीडी मेंदू पाहिजे, आणि तू विचारतोस ॲनिमेशनला लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, कुठली घेऊ. खानापूरहून जाऊन-येऊन शिकतोस, शेवटच्या वर्षाला आहेस, म्हणजे माझ्याहून बराच लहान, म्हणून एकेरीत लिहिते, राग नको.

मी बेळगावात टिळकवाडीत छोटी डिझाइनची कामं करते. लग्नपत्रिका, मेनूकार्ड, मधूनच एखादी वेबसाइट. पाचेक वर्षांमागं अस्संच काम माझ्याकडं आलं होतं. कॉलेज सांगणार नाही, उगीच हुडकत बसू नका. त्या सरांनाही मेंदूच पाहिजे होता, निळा, काळ्या बॅकग्राउंडवर, आतनं ठिणग्या उडतायत असला. मी म्हटलं करू की, त्यात काय.

पेजवर वर काय, खाली काय, पब्लिकेशन्स कुठं, हे तुला येत असणार, ते सोडते. माझी चूक दुसरीच होती. मेंदू तर सीडीएनवरच्या, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरनं येणाऱ्या, लायब्ररीवर चालतच होता, पण मी शहाणपणा करून सगळा मजकूरसुद्धा त्याच लायब्ररीला बांधला. सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणारा कोड) प्रत्येक मजकुराला ओपॅसिटी शून्य, म्हणजे अदृश्य, आणि स्क्रिप्ट आली की अक्षरं हळूहळू उमटणार. घरी लॅपटॉपवर काय झकास दिसत होतं, आमच्या आईनं पण बघितलं, म्हणाली सिनेमासारखं झालंय.

आता ऑफिस. पेज कॉलेजच्या सर्व्हरवर चढवायचं काम एका सेक्शनकडं होतं. अर्ज कन्नडमध्ये, तो मी अडखळत वाचून भरला. मग एचओडींची सही, मग गोल शिक्का, मग तो शिक्का चुकीच्या जागी पडला म्हणून परत अर्ज. गेलं की "साहेब इल्ल, नाळे बर्री", साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलं तरी नाळे बर्री. तीन आठवडे मी दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक उघडायची वाट बघत उभी राहून राहून तिथं जात होते. आणि या तीन आठवड्यांत एकालाही सांगावंसं वाटलं नाही की कॉलेजच्या नेटवर्कवरनं बाहेरच्या बऱ्याच साइट ब्लॉक आहेत, त्यात माझं सीडीएन पण आलं. कन्नड-मराठीचा यात काही संबंध नाही हां, कमेंटमध्ये तो विषय काढू नका. कामचुकारपणाला भाषा नसते.

शेवटी चढलं एकदाचं. मी घरनं लिंक उघडली, मेंदू फिरतोय, ठिणग्या उडतायत. झालं, निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सेमिनार हॉल, बेंगळूरहून कंपनीतले पाहुणे आलेले, सरांनी लिंक उघडली आणि पडदा काळा. पूर्ण काळा. सगळ्यांना वाटलं प्रोजेक्टरच चालू नाही, शिपाईमामा स्टुलावर चढून वायर हलवून आले. पण माउसचा पांढरा बाण दिसत होता ना! सर तो बाण पडद्यावर फिरवतायत आणि मधेच एका ठिकाणी बाणाचा हात होतोय, पुढं गेला की परत बाण. जिथं हात होत होता तिथं माझं बटण होतं, 'आमचं संशोधन बघा'. मजकूर सगळा पानावर होता, नुसता दिसत नव्हता. मी शेवटच्या रांगेत बसून जमिनीत जाते काय असं झालेलं.

नंतर त्या सेक्शनमध्ये भांडायला गेले तर त्यांनी ड्रॉवरमधनं एक कागद काढला. सर्व्हरवर काय चालतं, नेटवर्कवर काय ब्लॉक आहे, फाइल केवढी चालते, सगळं टाइप केलेलं. म्हटलं हे आधी का दिलं नाही? तर म्हणे तुम्ही विचारलं नाही. माझं बिल पुढं आठ महिने अडकलं, त्यातलं निम्मं अजून यायचंय, आता येत नाही ते.

म्हणून सांगते, पहिल्या दिवशी तो कागद माग. नसेल तर तोंडी विचारून घे आणि त्यांना मेल टाकून ठेव, पुरावा राहतो. लागतील त्या स्क्रिप्ट आणि फॉन्ट स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेव. आणि पेज कॉलेजच्या वायफायवर, कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय झालं म्हणू नकोस. तुमच्याकडं कदाचित असलं काही ब्लॉक नसेल, प्रत्येक ठिकाणचं वेगळं, मी माझं सांगितलं. हो, अजून एक: विंडोजवर चित्राच्या फाइलचं नाव 'ब्रेन' कॅपिटल बीनं लिही नाहीतर छोट्या, चित्र दिसतं. सर्व्हर लिनक्स असला की त्या दोन वेगळ्या फाइली. माझे दोन फोटो त्यात गेले.

त्या दिवसाचा एक फायदा मात्र झाला. पडदा काळा, तेवढ्यात एका पाहुण्यानं विचारलं, तुमची लॅब नक्की करते काय? सरांनी तोंडीच सांगितलं: साधा कॅमेरा सेकंदाला ठरलेले फोटो काढत बसतो, आमच्या इव्हेंट कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल फक्त उजेड बदलला तरच सिग्नल देतो, ते सिग्नल आम्ही स्पायकिंग न्यूरल नेटवर्कला (मेंदूतल्या पेशींसारखं, ठोक्याठोक्यानं सिग्नल पाठवणारं जाळं) देतो आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या कास्टिंगमधल्या चिरा कमी विजेत शोधायचा प्रयत्न करतो. पाहुणे लगेच पुढं सरकून बसले. माझ्या पेजवर या सगळ्यातलं एक अक्षर नव्हतं! तिथं होतं 'मेंदूसारखा विचार करणारा उद्याचा संगणक'. नंतर पेज नव्यानं केलं, तेव्हा मी सरांचं तेच वाक्य जसंच्या तसं वर टाकलं. तू पण सरांना मोबाइलवर रेकॉर्ड कर, लिहायला सांगू नकोस, लिहायला बसले की 'पॅराडाइम' येतं. स्पाइक, म्हणजे न्यूरॉनचा (मेंदूतल्या पेशीचा) तो ठोका, काय ते एका ओळीत पाहिजे असेल तर मी गळकी बादली लिहिली होती: नळाचे थेंब पडतायत, थोडं पाणी गळतंय, काठापर्यंत भरली की एकदम उपडी होते आणि परत रिकामी. न्यूरॉनचं मॉडेल साधारण तसंच चालतं, सरांनी पास केलं.

आकड्यांचं जपून. सरांना 'मानवी मेंदूच्या तोडीचं' असं पाहिजे होतं, मी बसून हिशोब केला. मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, आणि चालतो जेमतेम २० वॅटवर, म्हणजे एका एलईडी ट्यूबलाइटवर. इंटेलनं २०२४ मध्ये हाला पॉइंट नावाची सिस्टिम दाखवली, त्यांच्याच मेंदूच्या धर्तीवरच्या ११५२ लोइही-२ चिप, ११५ कोटी न्यूरॉन, वीज जास्तीत जास्त २६०० वॅट. एवढ्या मोठ्या सिस्टिमची ही गत, मेंदूच्या पंच्याहत्तराव्या हिश्श्याएवढे न्यूरॉन, तर आपल्या दोन खोल्यांच्या लॅबनं तोडीचं म्हणून कशाला हसं करून घ्यायचं? उलट आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थ चिपचा आकडा बघ, १० लाख न्यूरॉन आणि सुमारे ७० मिलीवॅट. लहान आहे पण खरा, आणि वाचणाऱ्याला वीज कशी वाचते ते कळतं. तुमच्या लॅबनं स्वतः काही मोजलं असेल तर तेच टाक, कशावर मोजलं ते शेजारी लिहून. हा विषय माझा नाही, सरांकडनं तपासून घे.

मराठी-कन्नडमध्ये थोडा मजकूर ठेवणार असशील तर ठेवच. आमच्याकडं नव्या पेजवरचा मराठी परिच्छेद वाचून फाउंड्रीवाल्यांचे फोन आले, इंग्रजीवर एकही नाही. कन्नड मजकूर मला जुन्या फॉन्टात मिळाला होता, पेस्ट केला तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी, तेव्हा युनिकोडमध्येच माग. देवनागरीला लेटर-स्पेसिंग देऊ नकोस, शिरोरेषा तुटते. ओळींमध्ये जागा इंग्रजीपेक्षा जास्त सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. आणि परिच्छेदाला भाषा 'मराठी' अशी कोडमध्ये सांग, फॉन्टात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. बाहेरच्याला कळणार नाही, पण आपल्याला ते हिंदी वळणाचे ल-श डोळ्यात खुपतात की.

लायब्ररीचं राहिलंच. सर ऐकतच नसतील तर मेंदू फिरव, पण मजकुराच्या खाली, आणि लायब्ररी बंद पडली तर त्याच जागी साधं चित्र दिसेल असं कर. एकदा जावास्क्रिप्ट बंद करून पेज उघड आणि त्याचा स्क्रीनशॉट इथं टाक, रात्री दुकान बंद केल्यावर बघते. आणि बिल निम्मं आधी घे. विद्यार्थी आहेस म्हणून फुकट करून घेतायत काय, ते तू लिहिलं नाहीस.