म्हशींचे भाव पडलेत, चारा पण महाग, 6 म्हशी आहेत (इंदूरजवळ), विकून टाकू का?

सगळ्या एकदम विकू नका, फक्त ज्या भाकड आहेत आणि गाभण पण नाहीत त्याच आत्ता काढा, भाव कमी मिळाला तरी, कारण अशी म्हैस रोज 7-8 किलो भुसा आणि वर हिरवं खाते आणि भाव वाढेपर्यंत दोन-तीन महिने थांबलात तर जास्तीचा पैसा चाऱ्यातच जातो. मी सांवेरकडे काकांच्या गोठ्याचा हिशोब बघतो त्यावरून सांगतोय. गाभण असेल तिला मात्र हात लावू नका, म्हशीचे साधारण 310 दिवस असतात, आत्ता व्यापारी तिला पडत्या भावात मागेल आणि तीच व्यायली, खाली पारडू आलं की गिऱ्हाईक घरी येतं. म्हणून विकायच्या आधी डॉक्टरकडून गाभ तपासून घ्याच, न तपासता भाकड समजून गाभण म्हैस विकणारे बघितलेत, फार जीव तुटतो. बाकी:

- उन्हाळ्यात सगळेच विकायला काढतात, पाऊस पडून हिरवं झालं की गर्दी कमी होते
- भुसा मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्या निघाल्या भरा
- खर्चाला पैसे हवेत तर किसान क्रेडिट कार्ड पशुपालनाला पण मिळतं, बँकेत विचारा

पण चारा व्यापाऱ्याकडून उधारीवर, व्याजाने आणत असाल तर हे गणित बदलतं, मग एखादी दुभती विकून आधी ती उधारी संपवा.