खडकवासल्याचे बंदर, मुंबईचा प्लेग

प्रश्न : हवामान खाते मॉडेलच्या आधारे पावसाचा अंदाज देते, अर्थतज्ज्ञ मॉडेल मांडतात आणि मुलीच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकातही मॉडेल भेटते. या साऱ्यांचा अर्थ एकच आहे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एकच नाही. प्रत्येक ठिकाणी काय कशाच्या जागी उभे केले आहे, हे पाहिले म्हणजे फरक उमगतो.

पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरे, सांडवे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत खरोखरीचे पाणी सोडले जाते. मात्र केवळ लांबी-रुंदी घटवून भागत नाही. प्रतिकृती शंभर पटींनी लहान असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने प्रवाहाचा वेग दहा पटींनी कमी ठेवावा लागतो आणि काळही दहा पटींनी आखडतो. म्हणून समुद्रात सुमारे साडेबारा तास चालणारे भरती-ओहोटीचे चक्र तेथे सव्वा तासात आटोपते. पाण्याची चिकटता आणि पृष्ठताण मात्र घटवता येत नाहीत. वाळूचे कण त्याच प्रमाणात बारीक केले, तर ते वाळूसारखे न वागता गाळासारखे वागू लागतात. त्यामुळे मूळ वस्तूतील काय राखायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवावेच लागते.

समीकरणांच्या मॉडेलमध्ये ही सोडचिठ्ठी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मला अधिक जोखमीचे वाटते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी 1927 साली साथीच्या रोगाचे गणित मांडताना लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : रोग होऊ शकणारे, रोग जडलेले, आणि बरे होऊन वा मृत्यूने साथीबाहेर गेलेले. त्यातून निघालेला वक्र त्यांनी मुंबईतील 1905-06 च्या प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांशी ताडून पाहिला आणि तो छान जुळला. परंतु गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, आणि त्या समीकरणांत उंदीरही नाहीत, पिसवाही नाहीत! आकडे जुळले, एवढ्यावरून कारणही सापडले असे म्हणता येत नाही. अर्थशास्त्रातील बहुतेक मॉडेल याच जातीचे. हवामानाच्या मॉडेलला निदान हवेच्या गतीच्या आणि उष्णतेच्या नियमांचा भक्कम आधार असतो. (अर्थतज्ज्ञ बिल फिलिप्स यांनी तर 1949 साली टाक्या आणि नळ्यांतून रंगीत पाणी खेळवून अख्खी अर्थव्यवस्था दाखवली होती.)

तर्कशास्त्रात मात्र दिशाच उलटते. तेथे गृहीतके आधी असतात आणि ती जिच्यात खरी ठरतात, त्या रचनेला मॉडेल म्हणतात. इटालियन गणिती बेल्ट्रामी यांनी 1868 साली वर्तुळाच्या जीवांनाच (परिघावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडांनाच) ‘रेषा’ मानून आणि अंतर मोजण्याची रीत बदलून युक्लिडेतर भूमितीची, म्हणजे युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक न मानणाऱ्या भूमितीची, अशी रचना दाखवली. या भूमितीत विसंगती निघाली, तर ती युक्लिडच्या भूमितीतही निघेल, हे त्यावरून स्पष्ट झाले. आपल्या मुलीच्या पुस्तकातील मॉडेल या प्रकारचे आहे; बाहेरच्या जगाशी ते किती जुळते, हा प्रश्न त्याला लागूच होत नाही.