नेकारच्या खोऱ्यात पळायचं तर जाताना पळा, येताना ट्रेनने या

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरपासून मास्टर्ससाठी हायडेलबर्गला येताय, पुण्यात वेताळ टेकडीवर पळायची सवय आहे, तर इथे नेकारच्या खोऱ्यात बघण्यासारखे रनिंग रूट कुठले. मी नोकरीमुळे बरीच वर्षं इथे आहे आणि हे खोरं मला बहुतेक पळूनच माहीत झालंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा कशी आहे ते लक्षात घ्या. नेकार नदी पूर्वेकडून ओडेनवाल्डच्या डोंगरातून वळणं घेत येते आणि हायडेलबर्गला डोंगर एकदम संपतात, पुढे राइनचं मैदान लागतं. म्हणजे गावाच्या पश्चिमेला सगळं सपाट आणि पूर्वेला नदीच्या दोन्ही बाजूंनी सरळ जंगलात जाणारे चढ. हा डोंगराळ भाग नेकारटाल-ओडेनवाल्ड नेचर पार्कमध्ये येतो. नेचर पार्क म्हटल्यावर आपल्याला गेट, तिकीट, सहाला बंद असं काहीतरी वाटतं पण इथे तसं नाही, पार्कच्या आत गावं आहेत, शेती आहे, रेल्वे आहे आणि जंगलातल्या वाटा सगळ्यांना मोकळ्या आहेत.

नवीन आलेले लोक बहुतेक नेकारवीझेवर पळतात, म्हणजे उत्तर काठावरची हिरवळ. तुमची रूम नॉयेनहायमर फेल्डच्या हॉस्टेलांमध्ये असली तर ती अगदी जवळ पडेल, सकाळी क्लासच्या आधी अर्धा तास पाय मोकळे करायला छान आहे. पण तेवढ्यावरच थांबू नका, कारण या गावाची खरी मजा वरती आहे आणि तिथे जायला बस लागत नाही.

पहिला रूट फिलॉसोफेनवेगचा. जुन्या पुलावरून उत्तरेला आलात की समोरच श्लांगेनवेग सुरू होतो, दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि मधून वळत वर जाणारी पायऱ्यांची अरुंद वाट. ती पळत चढणं अवघड आहे, चालत चढलात तरी काही बिघडत नाही. पायऱ्या आवडत नसतील तर नॉयेनहाइम या उत्तर काठावरच्या भागाच्या बाजूने डांबरी रस्ता आहे, तो पण चांगलाच खडा आहे, तुमचा विषय फिजिक्स असेल तर तुम्हाला तो तसाही कधी ना कधी चढावा लागेल कारण थिअरेटिकल फिजिक्सची इन्स्टिट्यूट त्याच रस्त्यावर आहे. वर पोचलात की दोनेक किलोमीटर जवळजवळ सपाट, खाली नदी, पलीकडे लाल दगडाचा किल्ला आणि त्याच्या मागे क्योनिगश्टूलचा डोंगर. हा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे त्यामुळे दिवसभर ऊन मिळतं, वरच्या बागेत अंजिरं आणि लिंबं होतात, जर्मनीत हे बघून मला खरंच आश्चर्य वाटलं होतं. बदामाची झाडं तर इतर ठिकाणी थंडी असतानाच फुलतात.

तसंच पूर्वेला पुढे जात राहिलात तर झाडीतून नॉयबुर्गच्या जुन्या मठापाशी आणि तिथून त्सीगेलहाउजेनला उतरता येतं. दम असेल तर मधूनच डावीकडे वळून हायलिगेनबर्ग चढा, उंची ४४० मीटर. वर मिखाएल मठाचे अवशेष आहेत, त्याच्याही आधीच्या केल्टिक लोकांच्या तटबंदीच्या खुणा आहेत आणि जंगलाच्या मधोमध एक प्रचंड मोठं दगडी अँफिथिएटर आहे, टिंगश्टेटे. ते नाझी काळात १९३५ मध्ये बांधून पूर्ण झालं, प्रचाराच्या कार्यक्रमांसाठी. आता तिथे सकाळी लोक पायऱ्यांवर वर-खाली पळतात. मी पण पळतो, पण ते कशासाठी बांधलं होतं हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी बाजू क्योनिगश्टूलची, उंची ५६८ मीटर, म्हणजे नदीपासून साधारण साडेचारशे मीटरचा चढ. किल्ल्याच्या वरच्या अंगाने हिमेल्सलायटर नावाची दगडी पायऱ्यांची वाट सरळ माथ्यापर्यंत जाते. हजाराच्या वर पायऱ्या आहेत आणि एकही दुसरीसारखी नाही, काही गुडघ्याएवढ्या तर काही मोडलेल्या, वर पानांचा थर. सिंहगड चढलेल्या माणसाला दम टिकवणं जमेल पण लय काही सापडत नाही. ही वाट फक्त चढायला वापरा, उतरायला कधीच नाही. ओला सँडस्टोन आणि त्यावर बीच नावाच्या झाडाची पानं, यावरून पाय सटकला तर वाईट लागतं. उतरायला जंगलखात्याचे रुंद रस्ते आहेत, मोल्केनकुअरवरून वळणं घेत खाली येतात, आणि गुडघे कुरकुरत असतील तर बेर्गबान म्हणजे डोंगरावरची रेल्वे आहेच, वरच्या टप्प्यावर १९०७ ची जुनी लाकडी गाडी अजून चालते.

आता ऋतूचं गणित सांगतो, हे रूटच्या यादीपेक्षा जास्त कामाचं आहे. उत्तर काठ उन्हाचा, दक्षिण काठ सावलीचा. नोव्हेंबर ते मार्च फिलॉसोफेनवेगची बाजू धरा, क्योनिगश्टूलच्या उतारावर तेव्हा थंडी आणि ओल हटत नाही आणि वर बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये बरोबर उलटं, खाली ३५ डिग्री झालं की क्योनिगश्टूलच्या जंगलात जा, दाट बीचखाली पळताना ऊन जाणवतसुद्धा नाही. तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही बाजू उत्तम, रंग बदललेले असतात आणि खाण्याचे चेस्टनट वाटेवर पडलेले असतात, त्यांच्या काटेरी टरफलांवर पाय देऊ नका एवढंच.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. बहुतेक लोक जिथून निघाले तिथेच परत येतात, पण या खोऱ्यात नदीला धरून रेल्वे जाते, थोड्या थोड्या अंतरावर एस-बानचं म्हणजे लोकल ट्रेनचं स्टेशन आहे, मग परत पळत यायचंच कशाला. किल्ल्यापासून निघायचं, हिमेल्सलायटरने क्योनिगश्टूल, तिथून जंगलातून नेकारगेम्युंडला उतरायचं, साधारण १२ किलोमीटर होतात. ही नेकारश्टाइग या लांब पल्ल्याच्या वाटेची पहिली स्टेज आहे, ती वाट हायडेलबर्गपासून बाड विम्पफेनपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या वर जाते, झाडांवर निळ्या एन अक्षराची खूण असते, ती दिसत राहिली की मॅप काढायची गरज नाही. नेकारगेम्युंडला बेकरीत काहीतरी खा आणि ट्रेन पकडा, दहा-पंधरा मिनिटांत गावात. डॉइचलँड तिकीट म्हणजे देशभर लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास असेल तर वेगळे पैसे पण नाहीत.

याच्या पुढची स्टेज तर अजून सुंदर आहे आणि गर्दी फार कमी. मी ती उलटी पळतो. ट्रेनने नेकारश्टायनाखला जायचं, छोटंसं गाव, पण एका रांगेत चार किल्ले आहेत. तिथे नदीवरच्या लॉकवरून, म्हणजे बोटींसाठीच्या पाण्याच्या दरवाज्यांवरून, पलीकडे जाता येतं आणि मग समोरच्या टेकडीवर डिल्सबर्ग, तटबंदीच्या आत वसलेलं गाव. चढ छोटा पण खडा आहे. वरून नेकारचं वळण पूर्ण दिसतं आणि आत्ताच मागे टाकलेले चारही किल्ले समोर. मग जंगलातून नेकारगेम्युंडला उतरून घरी. अंतर दहाच्या आत आहे त्यामुळे पहिल्याच वीकेंडला करता येईल, माझं ऐकाल तर सुरुवात इथूनच करा.

मॅरेथॉनसाठी लांब सपाट रन हवा असेल तर मात्र उलट्या दिशेला, नदीबरोबर पश्चिमेला लाडेनबुर्ग. रोमन काळातलं गाव आहे, तिथूनही ट्रेन आहे. निसर्ग म्हणाल तर शेतं आणि आकाश, तेवढंच.

नदीकाठच्या रस्त्याबद्दल अजून एक, पाणी वाढलं की जुन्या पुलाजवळचा दक्षिण काठ बुडतो, त्या दिवशी वरून जा. आणि नॉयेनहाइममध्ये कवी इकबाल १९०७ मध्ये राहायचे त्या घरावर पाटी आहे, काठाच्या एका पट्ट्याला त्यांचं नावही दिलंय. नेकारवर त्यांची एक उर्दू कविता आहे, संध्याकाळी तिथून जाताना आठवते.

सेफ्टीचं बोलायचं तर इथे बिबट्या नाही पण गोचीड आहे, आणि ती हलक्यात घ्यायची नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग या आपल्या राज्याचा जवळजवळ सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, एफएसएमईच्या, धोक्याच्या यादीत येतो, त्यावर लस आहे, हिवाळ्यातच डॉक्टरांना विचारून सुरू करा कारण तिचे डोस काही महिन्यांत विभागून देतात. गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम आजारावर इथे लस मिळत नाही, त्यामुळे रन झाल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेला नीट बघायचं, रोज. डिसेंबरमध्ये आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो, जंगलात हेडलॅम्पशिवाय जाऊ नका, शक्यतो संध्याकाळी जाऊच नका कारण रानडुकरं तेव्हाच बाहेर पडतात. झाडं तोडायचं काम चालू असेल तर वाटेवर पट्टी लावलेली असते, ती ओलांडायची नाही, अगदी रविवारी कोणी दिसत नसलं तरी. जंगलात हिरव्या पाट्यांवर रेस्क्यू पॉइंटचा नंबर असतो, शेवटी दिसलेला नंबर लक्षात ठेवायची सवय लावा, ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन केला तर तोच सांगायचा. झऱ्यांजवळ 'काइन ट्रिंकवासर' म्हणजे 'पिण्याचं पाणी नाही' असं लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका, बाटली बरोबर ठेवा.

टार्गेट हवं असेल तर एप्रिलमध्ये इथली हाफ मॅरेथॉन असते, रूट फिलॉसोफेनवेगवरून आणि किल्ल्यावरून जातो, म्हणजे वेळेच्या रेकॉर्डसाठी नाही, पण अख्खा हिवाळा तयारीला मिळेल. रजिस्ट्रेशन लवकर भरतं.

रूम कुठे मिळाली ते कळवा. बॉक्सबर्ग किंवा एमर्ट्सग्रुंडला मिळाली तर जंगल घराच्या मागेच सुरू होतं, मग गावात न उतरता क्योनिगश्टूलला जायचे वेगळे रस्ते आहेत, ते सांगतो.